ट्रॅकवर जाऊन बाईक रेसचे फोटो काढले, सगळ्या गाड्या पार्किंगमधे उभ्या असल्यासारख्या दिसतायत. काय चुकतंय?

कराडचा_क्लिकर

नमस्कार मंडळी. दोन वर्षं नुसतं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, काय चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

तर झालं असं, माझा एक मित्र यंदापासून रेसिंग करायला लागलाय, नॅशनल चॅम्पियनशिपला नॉव्हिस (नवशिक्यांच्या) क्लासमधे, १६५ सीसी. चेन्नईच्या राउंडला मी पण गेलो त्याच्याबरोबर, म्हटलं आपल्याकडं कॅमेरा आहे, लग्नाबारशाचे फोटो काढतोच की, रेसचे काढायला काय लागतंय. कॅमेरा निकॉन डी५६००, माझी स्वतःची लेन्स ७०-३००, पण कुणीतरी म्हटलं रेसला ३०० नं काय होणार, म्हणून पुण्यातनं सिग्मा १५०-६०० तीन दिवस भाड्यानं घेतली. दोन किलोची लेन्स, पहिल्या दिवशी संध्याकाळी मनगट असं सुजलं होतं की जेवताना घास धरता येईना.

शनिवारी सगळे फोटो १/२००० नं (म्हणजे शटर सेकंदाचा दोन हजारावा भागच उघडं) काढले कारण व्हिडिओत सांगितलेलं की स्पोर्ट्सला फास्ट शटर. तेराशे फोटो. सगळे शार्प, हेल्मेटवरचा किडा पण दिसतोय, पण गाडी जागेवर उभी आहे असंच वाटतंय. आईला दाखवले तर ती म्हणाली, "हा असा तिरका होऊन बसलाय तर पडत कसा नाही रे?" चाकाचा एकेक स्पोक मोजता येतोय ओ.

मग रविवारी म्हटलं शटर कमी करू, डायरेक्ट १/६० केलं. हजारभर फोटो त्याचे. नुसतं पिठलं. कुठली गाडी कुठली आणि कुंपण कुठलं कळत नाही. आणि जिथं तिथं मधे जाळी. दुपारी तर ऊन असलं की स्क्रीनवर काय दिसतच नव्हतं.

पुढच्या राउंडला परत जायचंय. शटर किती ठेवायचं, जाळीचं काय करायचं, उभं कुठं राहायचं, आणि ६०० ची लेन्स परत भाड्यानं घेऊ का? जाणकारांनी सांगावं. मित्राला मी सांगून बसलोय की तुझा एक फोटो असा काढीन की घरात फ्रेम करून लावशील.

पॅनिंगपीडित

सर्वात आधी, तेराशे फोटो शार्प आले म्हणजे फोकस जमतोय, लोकांचं तिथेच अडतं, त्यामुळे हातपाय गाळू नका.

आता थोडं गणित करू, कंटाळा करू नका, हे एकदा डोक्यात बसलं की शटर किती हा प्रश्न परत कुणाला विचारावा लागत नाही. १२० च्या स्पीडने जाणारी गाडी सेकंदाला साधारण ३३ मीटर जाते. १/२००० मधे ती किती सरकली? पावणेदोन सेंटिमीटर. चाकाचा घेर धरा १.९ मीटर, म्हणजे सेकंदाला साडेसतरा फेरे, तर १/२००० मधे चाक फिरलं जेमतेम ३ अंश. मग स्पोक मोजता येणारच ना! तेच १/१२५ केलं की गाडी सरकते २७ सेंटिमीटर आणि चाक फिरतं ५० अंश. पाच स्पोकचं अलॉय असेल तर दोन स्पोकमधलं अंतर ७२ अंश, म्हणजे स्पोक पुसले जाऊन चाकाची चकती दिसायला लागते. तुम्ही गाडीबरोबर कॅमेरा फिरवताय (यालाच पॅनिंग म्हणतात) त्यामुळे गाडी जागच्या जागी राहते आणि ते २७ सेंटिमीटर मागच्या कुंपणाच्या, झाडांच्या अंगावर जातात. स्पीड दिसतो तो तिथे.

आणि यातली मेख अशी की हे सगळं गाडीच्या स्पीडवर आहे. हेअरपिनला (एकदम उलट्या वळणाला) गाडी ६० ने वळत असेल तर तिथे १/१२५ मधे निम्माच परिणाम मिळतो, म्हणून हळू कॉर्नरला १/६० आणि स्ट्रेटला १/१२५ हे दोन्ही फोटो सारखेच पळताना दिसू शकतात. लोक एकच आकडा पाठ करून सगळीकडे वापरतात आणि मग इथे येऊन धागा काढतात (तुम्हाला नाही म्हणत).

तुम्ही १/२००० वरून थेट १/६० ला उडी मारलीत, म्हणजे पोहायला शिकायला थेट विहिरीत. १/५०० ने सुरू करा, दहा-पंधरा बरे आले की १/३२०, मग १/२५०, १/१६०. एका दिवसात १/१२५ पर्यंत पोचलात तरी पार्टी द्या. मी गेली नऊ-दहा वर्षं करतोय, अजूनही १/६० ला शंभरात पाच-सहा ठेवण्यासारखे निघतात आणि बाकीचे डिलीट करताना वाईट वाटायचं केव्हाच बंद झालंय.

अंगाचं सांगतो. पाय कुठे रोवायचे? जिथे शटर दाबायचंय त्या दिशेला. गाडी येते त्या बाजूला फक्त कमरेतून वळायचं, कोपरं बरगड्यांना चिकटवायची, गाडी लांब असतानाच व्ह्यूफाइंडरमधे पकडायची आणि कंबर सोडत सोडत तिच्याबरोबर यायचं. सगळे काय करतात, पाय गाडीकडे करून उभे राहतात आणि नेमकं फोटोच्या क्षणी अंगाला पीळ बसतो आणि झटका येतो. आणि क्लिक झाल्यावर थांबायचं नाही, तसंच पुढे फिरत राहायचं. बॅट्समन बॉल लागल्यावर बॅट हवेत थांबवतो का?

एक विचारायचं राहिलं, त्या सिग्माच्या बाजूला ओएसचं (हाताची थरथर दाबणारं) बटण असतं, १ आणि २. रविवारी ते कशावर होतं?

कराडचा_क्लिकर

बटण होतं हे पण तुम्ही सांगितल्यावर कळलं. शनिवारी रूमवर काढलेला लेन्सचा फोटो आहे मोबाइलमधे, झूम करून बघितलं. १ वर आहे.

पॅनिंगपीडित

हात्तिच्या. मग अर्धं पिठलं त्याचं. १ वर ती लेन्स आडवी-उभी दोन्ही हालचाल दाबायला बघते, तुम्ही मुद्दाम आडवं फिरवताय आणि ती तुम्हाला मागे खेचतेय. २ पॅनिंगसाठी, आडवं मोकळं सोडते आणि वरखालीचा थरथराट तेवढा सांभाळते. तुमच्या स्वतःच्या ७०-३०० ला, एएफ-पी डीएक्स व्हीआर वाली असेल तर (व्हीआर म्हणजे निकॉनचं ओएस), वेगळं बटणच नाही, व्हीआर मेन्यूतून चालू-बंद होतं आणि पॅनिंग ती आपली आपण ओळखते.

डोंबिवली_फास्ट_लोकल

एवढं कशाला, मोबाइलवर फोर-के व्हिडिओ काढा आणि स्क्रीनशॉट मारा. कंबर पण वाचेल आणि भाडं पण.

पॅनिंगपीडित

मारा की. कडक उन्हात मोबाइल आपलं आपणच शटर हजार-दोन हजारच्या वर नेतो, परत पार्किंगमधलीच गाडी मिळेल, ती पण बोटभर. त्यातून मोबाइलचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो त्यामुळे जोरात फिरवलं की मागचे खांब तिरके होतात. मिररलेसवाल्यांनी पण हे लक्षात ठेवा, सायलेंट म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावून बसाल तर साध्या कॅमेऱ्यांवर गोल चाकाचं अंडं होतं. रेसच्या आवाजात तुमच्या शटरची खटखट कोण ऐकतंय, मेकॅनिकल वापरा.

झेंडेवाला

मी नोकरीनिमित्त चेन्नईत, मूळचा सोलापूरचा, सुट्टीच्या दिवशी हौसेने ट्रॅकवर मार्शल (झेंडे दाखवणारा, कुणी पडलं तर धावणारा) म्हणून उभा राहतो. इथे मराठी वाचून बरं वाटलं. फोटोग्राफीतलं मला काही कळत नाही पण फोटोग्राफर लोकांना रोज बघतो त्यामुळे कुठे उभं राहायचं यावर बोलू शकतो.

श्रीपेरुंबुदूरजवळचा आमचा ट्रॅक ३.७१७ किलोमीटरचा, १९९० ला चालू झाला, त्याआधी शोलावरमच्या जुन्या विमानपट्टीवर रेसेस व्हायच्या. जागा बरीचशी सपाट, डोंगरउतारावर बसून जाळीच्या वरून फोटो काढू म्हणाल तर तसा उंचवटा शोधावा लागतो. प्रेक्षकांच्या बाजूने थोडं उंच मिळालं तर ती जागा सकाळी लवकर येऊन धरा.

मीडिया पास आणि बिब (अंगावर घालायचं जाकीट) असेल तरच जाळीच्या आत यायला मिळतं आणि ते ऑर्गनायझर ठरवतो, आम्हाला गेटवर मस्का लावून उपयोग नाही. मित्र रायडर आहे म्हणजे पिट आणि पॅडॉकपर्यंत (जिथे टीम आणि गाड्या थांबतात) बहुतेक सोय होईल पण पॅडॉकचा पास म्हणजे ट्रॅकच्या कडेचा पास नव्हे. दरवेळी यावरून कुणीतरी आमच्याशी भांडतं. फार आधी ईमेल टाका, आधी काढलेले चार फोटो जोडा.

कधी आत यायला मिळालं तर एकच लक्षात ठेवा, पडलेली गाडी वळत नाही, ती सरळ जाते. म्हणजे कॉर्नरच्या बाहेरच्या बाजूला जी मोकळी जागा दिसते, जिथून समोरून येणाऱ्या गाड्यांचा मस्त फोटो मिळेल असं वाटतं, ती जागा गाडीने येऊन थांबण्यासाठीच मोकळी ठेवलेली आहे. आडोशाच्या मागेच उभं राहायचं, ट्रॅककडे पाठ करून स्क्रीनवर फोटो बघत बसायचं नाही, बॅग कठड्यावर ठेवायची नाही, फ्लॅश तर अजिबातच नाही. मार्शल हल म्हणाला की हलायचं, का ते नंतर विचारायचं. पिवळा झेंडा हलताना दिसला म्हणजे पुढे कुणीतरी पडलंय, अशावेळी आम्ही पळत असतो आणि वाटेत ट्रायपॉड पसरून बसलेला माणूस असला की शिव्या येतात तोंडात, त्या पण सोलापुरी.

पाणी. दोन लिटर, मीठसाखर घालून. सप्टेंबर २०२३ ला ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपी झाली ना, तिथे जगातले सर्वात फिट रायडर उन्हाने हैराण झाले, मेन रेसच्या लॅप कमी करून २१ केल्या. आपण तर भजी खाऊन आलेली माणसं.

पॅनिंगपीडित

झेंडेवाले, भारी प्रतिसाद. तुम्ही बाहेरच्या बाजूचं बोललात त्याला जोडून सांगतो, कॉर्नरच्या आतल्या बाजूची जागा मिळाली तर पॅनिंगला ती सोन्यासारखी. कारण गाडी तुमच्याभोवती गोल फिरत असते, अंतर फारसं बदलत नाही, फोकसला धावाधाव करावी लागत नाही. वर रायडर तुमच्याकडेच झुकलेला, गुडघा तुमच्याच बाजूला.

समोरून येणाऱ्या गाडीला मात्र शटर कमी करू नका. तिथे गाडी आडवी सरकत नाही, मोठी होत येते, १/१२५ ला नुसती हललेली दिसेल. १/१००० किंवा वर ठेवा, चाकं तशीही समोरून कडेने दिसतात, स्पोकची भानगड नाही, आणि गाडी झोपलेली असली की स्पीड आपोआप वाटतो. कराडकर, तुमच्या शनिवारच्या फोटोत असे समोरचे असतील ते टाकू नका, ते चांगले असणार.

जाळीचं. लेन्स जाळीला जवळजवळ चिकटवा, हूड काढून, आणि अॅपर्चर (लेन्सचं भोक) पूर्ण उघडा, मग जाळी विरघळते. सावलीतली जाळी बघा, उन्हात चमकणारी तार काही केल्या जात नाही. पण खरा घोळ पुढे आहे. पॅनिंगला शटर हळू, मग दुपारच्या उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० ला पण १/१२५ म्हटलं की अॅपर्चर एफ १६ पर्यंत बारीक होतं, आणि एफ १६ ला जाळी परत उगवते, फोटोवर राखाडी पडदा टाकल्यासारखी. शिवाय सेन्सरवरची सगळी धूळ ठिपके ठिपके होऊन दिसते. तर यावर दोनच उपाय, एक तर सकाळी लवकर आणि चारनंतर काढायचं, नाहीतर एनडी फिल्टर लावून उजेड कमी करायचा. आणि इथे तुमची ७०-३०० जिंकते बघा. तिला ५८ मिमीचा फिल्टर लागतो, कुठेही स्वस्तात मिळतो. त्या सिग्माला ९५ मिमीचा, किंमत विचारून बघा आणि मला येऊन सांगा चक्कर आली का.

बाकी ६०० ने लांबून काढायचा मोह दुपारी तरी सोडा. तापलेल्या डांबरावर हवा लटलटत असते, मृगजळ दिसतं तेच, दोनशे मीटरवरची गाडी त्यातून लाख रुपयांच्या लेन्सने काढली तरी पाण्यात बुडवलेल्यासारखी येते. जवळ जा, नाहीतर चहा प्या.

गुडघा_घासणारी

मी स्वतः रेस करते, कोल्हापूरची, चार सीझन झाले. सगळे दादालोक शटर शटर करतायत, मी फोटोतल्या माणसाकडून सांगते.

माझ्याकडे माझे पाचसहाशे फोटो असतील, फ्रेम केलेला एकच आहे आणि त्यात गाडी चालूसुद्धा नाहीये. ग्रिडवर (स्टार्टच्या रांगेत) उभी आहे, हेल्मेट घातलंय, व्हायझर उघडी आणि नजर पहिल्या कॉर्नरकडे. ते दोन मिनिटं कसे असतात ते ज्याने अनुभवलं त्यालाच माहीत, पोटात गोळा, ग्लोव्हजच्या आत घाम, आणि बाजूचा मेकॅनिक काहीतरी बोलतोय ते अजिबात ऐकू येत नाही. ज्याने तो फोटो काढला तो व्यावसायिक वगैरे नव्हता, माझ्या टीमच्या पोराचा मावसभाऊ, किट लेन्स. तेव्हा कराडकर, पॅडॉकचा पास मिळत असेल तर तो कमी समजू नका. रेस झाल्यावर सूट कमरेपर्यंत उतरवून बसलेला तुमचा मित्र, हात थरथरत असतात तेव्हा, पाण्याच्या बाटलीचं झाकण उघडता येत नाही. ते काढा. फक्त रेसच्या आधी विचारून काढा, काही जणांना त्या वेळी कॅमेरा नको असतो, मला पण पहिल्या वर्षी नको वाटायचा.

आता ट्रॅकवरचं. आम्ही फोटोत पहिलं काय बघतो तर डोकं कुठे आहे. चांगल्या फोटोत नजर कॉर्नरच्या पुढे गेलेली असते, हनुवटी आतल्या हाताकडे. तो क्षण गाडी कॉर्नरच्या सर्वात आतल्या बिंदूला यायच्या किंचित आधी असतो, बहुतेक फोटोग्राफर तिथे उशिरा दाबतात आणि मग फोटोत आम्ही गाडी उभी करत बाहेर चाललेलो असतो. प्रॅक्टिसच्या पहिल्या सेशनला कॅमेरा खाली ठेवून नुसतं बघा, प्रत्येक रायडर कुठे ब्रेक मारतो, कुठे झुकतो. चार लॅपनंतर तुमचा मित्र कुठे काय करणार हे त्याच्याआधी तुम्हाला कळेल.

दुसरं, नॉव्हिस आहे ना तो? मग पहिल्या वर्षीचे सगळेच फोटो ग्रुपवर टाकू नका हो. माझ्या पहिल्या राउंडच्या फोटोत मला वाटत होतं गुडघा आता घासणारच आणि फोटोत बघते तर जमिनीपासून फूटभर वर, पाय असा बाहेर काढलाय जणू बसमधे शेजारच्याला जागा देतेय. एका पेजने तो टाकला, वर फोटोग्राफरचं नाव कापून. आधी मित्राला दाखवा, मग टाका.

आणि कुणी पडलं तर आधी कॅमेरा खाली. मार्शलनी अंगठा वर केला, रायडर उठून चालायला लागला, की मग काढा काय ते.

झेंडेवाला

ताई, शेवटच्या ओळीला आमच्या अख्ख्या मार्शल पोस्टकडून सलाम.

तांबडीमातीकर

थोडं अवांतर, पण चेन्नई-कोइम्बतूर दरवेळी परवडत नाही त्यांनी आपल्याकडचे डर्टचे इव्हेंट सोडू नका. २०२४ च्या जानेवारीत पुण्यात बालेवाडीला सुपरक्रॉस झालं तेव्हा मी गेलेलो. तिथे गाड्या हवेत असतात त्यामुळे गणित उलटं, उडीच्या टोकाला गाडी क्षणभर थांबल्यासारखी होते, १/१००० नं पण जिवंत दिसते कारण चाकामागं मातीचा फवारा असतो. तोटा एकच, ती माती. लेन्स तिथं बदलायची नाही म्हणजे नाही, मी बदलली आणि सेन्सर साफ करायला जेवढे गेले तेवढ्यात दोन तिकिटं आली असती.

पॅनिंगपीडित

कराडकर, प्रॅक्टिसला ट्रॅक लागत नाही. गावाबाहेरच्या रस्त्याला, फुटपाथच्या आत, सुरक्षित ठिकाणी उभं राहून एसटी धरा. एसटी मोठी असते, स्पीड साधारण एकच असतो, आणि दर थोड्या वेळाने एक येते. ती जमली की मोटरसायकली. फोकस अर्ध्या शटरवरून काढून मागच्या एई-एल बटणावर टाका, तुमच्या कॅमेऱ्यात मेन्यूतून होतं, आणि एएफ-सी (सतत फोकस) ठेवा. मधला पॉइंट हेल्मेटवर. रॉमधे (मोठ्या, कच्च्या फाइलमधे) बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) लगेच भरतो, नेमकं गाडी समोर आली की कॅमेरा श्वास घेत बसतो, तेव्हा तीन-तीनचे छोटे बर्स्ट मारा, नाहीतर सरळ जेपेग.

कराडचा_क्लिकर

सगळ्यांना मनापासून धन्यवाद, एवढं कुणी फुकट सांगत नाही. गुडघावाल्या ताई, तुमचा प्रतिसाद मित्राला वाचून दाखवला, तो नुसता हसला आणि म्हणाला बाटलीचं झाकण खरंय.

अपडेट देतो. चार दिवस झाले सकाळी सात ते नऊ स्टँडच्या पुढच्या रस्त्यावर उभा राहतोय. पहिल्या दिवशी १/२५० ला १८० फोटोतनं अकरा बरे. काल १/६० ला दोनशेत तीन. पण त्यातला एक, पाटणची गाडी, चाकं पूर्ण विरघळलीयत, मागची दुकानं नुसत्या रेघा, आणि बाजूला लिहिलेलं "बहुजन हिताय बहुजन सुखाय" हे अक्षरन् अक्षर वाचता येतंय. आईला दाखवला. ती म्हणाली, ही मात्र पळतेय.

एकच अडचण झालीय, कंडक्टर लोकांना वाटतंय मी कुठल्यातरी ऑफिसातनं तपासणीला आलोय. काल एकानं गाडी थांबवून विचारलं, "साहेब, काय तक्रार आहे का?" थांबलेल्या गाडीचं पॅनिंग कसं करायचं ते पण सांगा कुणीतरी.

डोंबिवली_फास्ट_लोकल

१/२००० ठेवा.